कडूनिंबावरची पिशवी

केशरबाईच्या परसात नवं माणूस आलं, की आधी त्याचं बोलणं बंद व्हायचं. भिंतीला लागून काळे माठ मांडलेले, पोटाला भोकं पाडलेले, तोंडाला फडकी बांधलेली. फळीवर लिंबाच्या साली भरलेल्या बाटल्या, आतलं पाणी गढूळ, वर साय धरलेली. सकाळी झाकण सैल केलं की बाटली फुस्स करायची. दोरीवर जुन्या लुगड्यांचे पट्टे. एका डब्यात राख, दुसऱ्यात अंड्यांची कुटलेली टरफलं, आणि कोपऱ्यातल्या टोपलीत गल्लीतल्या बायकांच्या फण्यांतून निघालेले केस.

"माय व!" गोदाबाई पहिल्यांदा आली तेव्हा दारातच थबकली होती. "केशर, हे तं पुरं करनीचं सामान हाय. फक्त बाहुली राह्यली."

"बाहुली तू हाय ना. बस तिथी माठाजवळ."

दोघी हसल्या होत्या. पण गोदाबाई गेल्यावर केशरबाईनं परसाच्या फाटकाला आतून कडी लावली, आणि तेव्हापासून ती कडी कायम लावलेली असायची.

सामान साधं होतं. लिंबाच्या साली गूळपाण्यात तीन महिने मुरल्या की त्याच पाण्यानं फरशी, मोरी, संडास, सारं निघायचं. फिनेलची बाटली घरात यायचं काम नाही. माठात भाजीची देठं, चहाचा चोथा, केस, टरफलं, वरून वाळला पाला. हिवाळ्यात टाकलं की उन्हाळ्यात तळाशी काळी भुरभुरीत माती. लुगड्याच्या पिशव्या शिवायच्या. राख चाळून घ्यायची. बारीक राखेनं भांडी घासायची, जाडसर उरेल ती माठात टाकायची. जठारपेठेतल्या त्या मागच्या गल्लीत घंटागाडी यायची, चंदा नावाची बाई घरोघरचा कचरा गाडीत ओतून घ्यायची, पण केशरबाईच्या दाराशी तिला थांबायचं काही कारण नसायचं.

"काकू, तुमी माहा पगार बंद कराल एक दिवस," चंदा ओरडून जायची.

हे केशरबाईला कोणी शिकवलं नव्हतं, भीतीनं शिकवलं. एका पावसाळ्यात गल्लीची नाली तुंबली आणि काळं पाणी उंबरा चढून आत आलं. नवरा देवमन, जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत उमर घालवलेला माणूस, दम्यानं खाटेवर होता. पाणी खाटेच्या पायाला लागलं, तो उठू शकत नव्हता, आणि ती दोन्ही हातांनी सूप घेऊन पाणी बाहेर लोटत होती. दुसऱ्या दिवशी नाली उपसली तेव्हा प्लास्टिकच्या गाठी मारलेल्या थैल्या निघाल्या. त्यातल्या एकीची गाठ हिरव्या लुगड्याच्या काठानं बांधलेली होती. काठ तिचाच होता. देवमन त्या हिवाळ्यात गेला. दम्यानंच गेला, डॉक्टर तसंच म्हणाले. पण केशरबाईच्या मनातून ती हिरवी गाठ काही सुटली नाही. फेकलेलं कुठं जात नाही, इथंच दबा धरून बसते आणि परत येते, एवढंच तिला कळलं. त्यानंतर घराबाहेर काही टाकायचं म्हटलं की तिचा हातच उचलेना.

तिच्या चुलीची राख पुरेना, तेव्हा तिनं गल्लीत पिशव्या वाटल्या. थंडीत अजून बऱ्याच घरी अंगणात पऱ्हाट्या, कापसाची वाळली झाडं, पेटवून आंघोळीचं पाणी तापवत. राख भरली की पिशवी फाटकाला टांगायची. केशरबाई पहाटे फिरून भरलेली घ्यायची, रिकामी टांगून द्यायची. विचारायचं काम नाही, सांगायचं काम नाही. गोदाबाईची पिशवी तेवढी फाटकासमोरच्या कडूनिंबावर असायची, कारण तिच्या मुलाला, चंद्रभानला, राखेची पिशवी फाटकावर आवडायची नाही. त्यानं घरात गिझर बसवला होता. गोदाबाई मात्र कडूनिंबाखालच्या चुलीपाशीच बसायची. "त्या मशीनीचं पानी आंगाले लागतच नाही व," ती म्हणायची, आणि राख भरता भरता, "पाह्य, एक दिवस मले बी चाळशील तू."

"तुले चाळून काय निंगन? नुसती बडबड."

यंदा थंडीत केशरबाई लेकीच्या बाळंतपणाला वरुडला गेली. नातू झाला, बारसं झालं, आणि ती रात्रीच्या गाडीनं अमरावतीहून अकोल्याला आली. ऑटोवाल्यानं पहाटे गल्लीच्या तोंडाशी सोडलं. धुकं होतं. एक खांदा सामानानं वाकलेला, तरी कडूनिंबाखालून जाताना तिची मान आपोआप वर गेली. पिशवी होती, भरलेली, तिच्याच जांभळ्या लुगड्याची. नेहमीपेक्षा बरीच उंच टांगलेली, आणि तोंड सुतळीनं आवळलेलं. गोदाबाई ठेंगणी, तिचा हात तिथवर पोचायचा नाही. चंद्रभाननं टांगली असेल, केशरबाईच्या मनात आलं, आणि तिला बरंही वाटलं, की पोराला अक्कल आली. तिनं छत्रीच्या मुठीनं फांदी वाकवली, पिशवी काढली, आणि थैलीतून एक रिकामी काढून त्याच जागी अडकवली.

घरी सून वर्षाली झोपली होती, मुलगा शुभम रात्रपाळीला. केशरबाईनं कोणाला उठवलं नाही. परसात जाऊन रिकाम्या डब्यावर चाळणी धरली आणि पिशवी ओतली. राख हलकी होती, पिठासारखी, पऱ्हाटीच्या राखेपेक्षा पांढुरकी. चाळणीत पांढऱ्या कपच्या राहिल्या. डोळ्यात मोतीबिंदू, वर धुकं; तिला वाटलं, चुलीच्या विटेचा चुना असेल. माठाचं फडकं सोडून तिनं त्या आत टाकल्या, वरून पालापाचोळा सारला. मग मूठभर राख घेऊन नारळाच्या शेंडीनं पातेलं घासलं, लख्ख केलं, त्यात चहा टाकला आणि पायरीवर बसून प्याली.

वर्षाली डोळे चोळत आली. सासूला पाहून तिचा चेहरा पडला.

"आई, कवा आल्या? एक सांगाचं राह्यलं. तुमी तिकडे बाळंतिनीपाशी होत्या म्हून फोनवर नाही सांगतलं." ती जवळ येऊन बसली. "गोदामावशी गेल्या. झोपीतच."

केशरबाईच्या हातात कप होता. तो तसाच राहिला.

"कधी?"

"सोमवारी. काल राख सावडली. अमोलभाऊ पुण्याहून आज येऊन राहिले, मंग दोघं भाऊ कौंडण्यपूरले नेतीन. मावशीचं माहेर तिकडचं ना, तिवश्याकडचं. अस्थी गाडग्यात हायेत, आन् राख..." वर्षाली सहज बोलत होती. "घरात ठेवत नाहीत ना, म्हून मावशीच्याच पिशवीत भरून झाडाले टांगली."

केशरबाईनं कप खाली ठेवला. ठेवताना आवाज होऊ नये म्हणून तिनं फार जपलं, जसं काही त्या आवाजानं सगळी गल्ली जागी होणार होती. तिच्या नखांत राख होती. जिभेवर चहाची चव होती. तिनं तोंड दाबलं आणि मोरीकडे धावली. आणि तिथं ओकता ओकताही तिला भीती वाटली, की हेही कुठं वाहून जाते आहे.

"काय झालं आई?"

"प्रवासाचं," ती म्हणाली. "तू आत जाय."

वर्षाली आत गेल्यावर तिनं माठाचं फडकं सोडलं. हात आत घालायचा होता, घालवेना. ही गोदा होती, जिच्यासंगं ती रोज सुपारी कातरत होती. आणि माठात देठं होती, चोथा होता, गल्लीभरच्या बायकांचे केस होते. तिनं डोळे मिटून पाला बाजूला केला. एक कपची लागली, दुसरी लागली. तिसरी अंड्याचं टरफल निघाली. किती टाकल्या होत्या? तिनं मोजल्या कुठं होत्या!

तेवढ्यात गल्लीत आरोळी उठली.

"राख नेली! अरे, कोनं तरी मायची राख नेली!"

तो चंद्रभानचा आवाज होता. मग दारं उघडल्याचे आवाज, चपलांचे आवाज. केशरबाईच्या परसाच्या भिंतीपलीकडूनच दोघं धावत गेले. एकानं विचारलं, "राख नेऊन काय करतीन?" आणि दुसरा म्हणाला, "बावा, ताज्या राखीवर काय काय करतेत, मालूम नाही का तुले?"

ती जिथं होती तिथंच बसली. समोर काळे माठ. बाटल्या. केसांची टोपली. डब्यात गोदाबाई. आत्ता कोणी भिंतीवरून डोकावलं तर काय दिसेल? एकटी विधवा बाई, पहाटे घरोघर फिरून राख गोळा करणारी, केस मागून नेणारी, लिंबं मागून नेणारी. तिच्या माहेरच्या गावात अशाच एका बाईला, करणी करते म्हणून, लोकांनी घरातून ओढून बाहेर काढलं होतं. केशरबाई तेव्हा परकरात होती. त्या बाईचा चेहरा तिला अजून आठवत होता. बाई ओरडत नव्हती, नुसती प्रत्येकाकडे बघत होती, की आपल्या ओळखीचं कोणी आहे का.

एक वाट होती. चुलीत कालची राख होती, वर्षालीनं पाणी तापवलं त्याची. ती पिशवीत भरायची, सुतळी आवळायची, आणि पिशवी फाटकाआडून कुणाच्या तरी कंपाउंडात टाकून द्यायची. वाऱ्यानं पडली म्हणतील. कुत्र्यानं ओढली म्हणतील. राखेवर काही नाव लिहिलेलं नसते. चंद्रभान पऱ्हाटीची राख घेऊन कौंडण्यपूरला जाईल, वर्धेच्या पाण्यात सोडेल, हात जोडेल. कोणाचं काय जाते?

तिनं खरोखरच पिशवी भरली. अर्धी राख बाहेरच सांडली. पदराखाली पिशवी धरून ती परसाच्या फाटकातून बाहेर आली.

कडूनिंबाखाली गर्दी होती आणि गर्दीच्या मधोमध घंटागाडी उभी होती. गाडीतला कचरा रस्त्यावर उलटा केलेला. चंदा त्या कचऱ्यात गुडघ्यावर होती, तिचा स्कार्फ मानेवर लोंबत होता.

"म्या नाही पाह्यली जी," ती परत परत म्हणत होती. "म्या झाडाले हात बी नाही लावला. पोराची शपथ."

"केशरबाई तं वरुडले हाय. पहाटे या गल्लीत दुसरं कोन येते?" खुशालराव म्हणाले. ते गल्लीतले जुने, पेन्शनीतले. त्यांच्या आवाजाला वजन होतं. "आन् ही पाहा रिकामी पिशवी. नेणाऱ्यानं बदलून ठेवली. हे साध्या चोराचं काम नव्हे. कोनाले देली, सांग. कोन्या बाबानं मांगतली?"

"थोबाडीत द्या दोन, सांगते बराबर," मागून कोणीतरी म्हटलं, आणि एक पोरगेला गडी खरंच पुढे सरला. चंदानं हात डोक्यावर घेतले. आणि हातांच्या मधून तिनं गर्दीकडे पाहिलं. एकेकाकडे. ओळखीचं कोणी आहे का.

केशरबाईला ते डोळे माहीत होते.

तिला पुढे जायचं नव्हतं. पाय मागे फिरत होते, घर दहा पावलांवर होतं, कडी लावता आली असती. पण तोंडातून आवाज निघून गेला होता.

"हात नको लावू तिले! म्या नेली."

सगळे वळले.

"म्या नेली, चंद्रभान. मले मालूम नव्हतं, बाप्पा. मी वरुडून आलो, गाडीतून उतरलो, पिशवी दिसली. रोजच्यासारखी वाटली. रिकामी म्याच टांगली. तुही माय गेली हे मले घरी गेल्यावर समजलं."

"आन् पदराखाली काय हाय?" खुशालरावांनी विचारलं.

तिनं पिशवी पुढे केली. "ही नव्हे," ती म्हणाली. "ही चुलीची हाय. मी हेच तुमाले देनार होतो."

एक बाई आपल्या पोराला ओढून मागे घेऊन गेली. चंद्रभानचे डोळे रडून लाल होते. तो केशरबाईच्या घराकडे चालू लागला, आणि त्याच्यामागे गर्दी.

परसाच्या फाटकात ती गर्दी थांबली. बोलणं बंद झालं. कोणीतरी बाटलीला हात लावला आणि झाकण सैल होऊन ती फुस्स झाली. पुढचा माणूस दचकून मागच्याच्या पायावर पडला.

"लिंबं," खुशालराव हळू म्हणाले. "केस. काळे माठ. अन् वर मेलेल्याची राख. आता आनखी काय पाहाचं राह्यलं?"

केशरबाई भिंतीला टेकली. तिला सांगायचं होतं, फरशी पुसायचं पाणी आहे ते. तोंड उघडत नव्हतं. वर्षाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पांढरी पडलेली. ज्यांच्या फण्यांतले केस टोपलीत होते, ज्यांनी सालींच्या थैल्या भरभरून आणून दिल्या होत्या, त्या बायकाही गर्दीत होत्या. खाली बघत होत्या.

मग चंद्रभानची बायको प्राजक्ता गर्दीतून पुढे आली. तिनं फळीवरची एक बाटली उचलली, झाकण काढलं आणि वास घेतला.

"ह्या साली आमच्या घरच्या हायेत," ती म्हणाली. तीही घाबरलेलीच होती. "आईनं देल्या होत्या. माह्या घरची मोरी ह्याच पान्यानं धुतली जाते. करनी आसन, तं मंग माह्या मोरीवर झाली आसन."

"सूनबाई, तुमी मधात नका बोलू."

"काहून? सासू माही मेली ना?"

चंद्रभान डब्यापुढं बसला होता. आत बारीक, चाळलेली, पांढुरकी राख. त्यानं राखेत बोट फिरवलं.

"चाळली?" त्यानं विचारलं.

"हो."

"आन् बाकीची?"

केशरबाईनं माठाकडे बोट केलं. चंद्रभान उठला, तेव्हा तिनं डोळे मिटले. तो माठ फोडणार, मग दुसरा, मग बाटल्या, आणि मग गर्दी आत येणार. पण आवाज आला नाही. डोळे उघडले तर तो बाह्या सारून माठात हात घालत होता. तिनं बाहेर काढलेल्या कपच्या त्यानं रुमालात घेतल्या, आणखी शोधू लागला. तीही जाऊन समोर बसली. दोघांचे हात त्या चोथ्यात, देठांत फिरत राहिले, आणि लोक फाटकातून बघत राहिले, आणि हळूहळू एकेक निघून गेला.

"समदं नाही निंगत, मावशी," शेवटी तो म्हणाला. "मिसळली ते."

"मिसळली, बाप्पा."

तो डबा आणि रुमाल घेऊन कौंडण्यपूरला गेला. माठ तिथंच राहिला. केशरबाईला तो धुववत नव्हता, फोडवत नव्हता, त्यात नवं काही टाकवत नव्हतं. रात्री उठून ती खिडकीतून बघायची, माठ जागेवर आहे ना. कोणावर भरवसा नव्हता. आपल्यावरही नव्हता.

गल्लीतल्या पिशव्या दुसऱ्याच दिवशी गेल्या. कोणी आणून दिल्या नाहीत. एक तर तिला चंदाच्या गाडीत कचऱ्यासंगं दिसली. बायका नळावर बोलायच्या, ती आली की बोलणं हवापाण्यावर जायचं. टोपलीतले केस कोणाचे म्हणून तिनं परत करावेत? शुभम म्हणाला, "आई, आता पुरं कर हे सारं." ती हो म्हणाली. पण भाजी चिरून झाल्यावर देठं हातात घेऊन ती तशीच उभी राहायची. घरात ठेवायला भीती. बाहेर टाकायला त्याहून मोठी.

तेरवी झाल्यावर चंद्रभान आला. मुंडण केलेलं डोकं, हातात टोपी. तो परसात गेला, माठाशी उभा राहिला.

"याची माती व्हाले किती दिवस लागतीन?"

"दोन महिने तरी. काहून?"

"होऊ द्या मंग. निंबाच्या बुडाशी टाकू. माय तिथीच तं बसे चूल पेटवून." फाटकाशी जाऊन तो वळला. "लोकं काहीबाही बोलतीन, मावशी. मले बी राग आल्ता. अजून हाय."

"राहू दे," ती म्हणाली. "पन माती नेशीन ना?"

त्यानं मान हलवली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी वाजली. केशरबाई देठांची थैली घेऊन दाराशी आली होती, पहिल्यांदाच, चोरासारखी. चंदानं थैलीत डोकावून पाहिलं आणि परत तिच्या हातात दिली.

"हे कोनाले देता? टाका तुमच्या माठात." मग इकडे तिकडे पाहून तिनं गाडीच्या दांड्याला टांगलेली एक गाठोडी काढली. जुन्या ओढणीत बांधलेली, गरम. "राख हाय. माह्या चुलीची."

केशरबाईनं हात मागे घेतले.

"घ्या ना काकू. चांगली चाळून घ्या." चंदा हसली, पण तिचेही डोळे गल्लीच्या दोन्ही टोकांना जाऊन आले. "आमच्या घरी कोनी मेलं नाही."

केशरबाईनं गाठोडी घेतली. परसात गेली, कडी लावली, चाळणी मांडली. ओतायच्या आधी तिनं ओढणी उन्हात उलगडली, आणि बोटानं राख पसरून, चिमूट चिमूट, पाहू लागली.